ट्रॅक्टर गाडीवर चढवायचा: फळ्यांवरून, धक्क्यावरून की सेल्फ लोडरने?

जुना ट्रॅक्टर विकला की गिऱ्हाईक गाडी घेऊनच दारात येतं. गाडीत दोन फळ्या असतात आणि पाच मिनिटांचं काम म्हणून गडी लगेच ट्रॅक्टर लावायला बघतात. तुम्ही मात्र आधी फळीची लांबी मोजा.

ट्रकचा हौदा जमिनीपासून साधारण 4 फूट उंच असतो. फळी 8 फुटांची असेल तर चढ 30 अंशांचा होतो, 16 फुटांची असेल तर साडेचौदा अंशांचा. 45-50 एचपीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या घरात, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त वजन मागच्या चाकांवर. तोंड वर करून चढवताना क्लच झटकन सुटला, तर मागची चाकं फळी धरून राहतात आणि पुढचं धड उचलतं. कागलजवळ एका रानात मी हे पाहिलंय. पुढची चाकं वीतभर वर गेली. चालवणाऱ्यानं वेळेत क्लच दाबला म्हणून ट्रॅक्टर परत फळीवर आदळला, नाहीतर उलटून त्याच्याच अंगावर आला असता. म्हणून चढवायचा तो रिव्हर्समध्ये, उतरवायचा तो तोंड खाली करून, दोन्ही वेळा कमी गिअरमध्ये, मध्येच क्लच न दाबता. डाव्या-उजव्या चाकाच्या दोन्ही ब्रेकचे पायडल पट्टीनं जोडलेले हवेत. रोटावेटर आधीच काढून ठेवा.

फळ्या कुठेही नेता येतात, हा त्यांचा मोठा गुण. पण चाकाच्या रेट्यानं फळी मागे सरकते, म्हणून ती साखळीनं गाडीला बांधलीच पाहिजे. एका आसाच्या ट्रेलरवर आणखी एक धोका आहे: ट्रॅक्टर शेपटावर आला की पुढचा जोड वर उचलतो आणि ओढणाऱ्या गाडीची मागची चाकं हलकी होतात. मागे दोन्ही बाजूंना टेकू दिल्याशिवाय ट्रॅक्टर वर घेऊ नका.

माझी पहिली पसंती धक्क्याला. गुऱ्हाळाजवळ किंवा रस्त्याकडेला हौद्याच्या उंचीचा पक्का उंचवटा मिळाला, तर गाडी त्याला भिडवायची आणि ट्रॅक्टर सपाटीवरून आत घ्यायचा. चढच नाही, तर उलटायची भीती जवळजवळ संपते. फक्त काठ दगडी किंवा चांगला दाबलेला हवा. शिरोळकडच्या काळ्या मातीचा काठ पावसाळ्यात वरून घट्ट दिसतो आणि वजन आलं की ढासळतो. शिवाय तो चिखल टायरच्या नक्षीत बसतो, मग लोखंडी फळीवरही चाक घसरतं. अशा दिवसांत दोन्ही नकोत, सेल्फ लोडर मागवा.

सेल्फ लोडरचा हौदा कलतो आणि विंचनं, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या यंत्रानं, ट्रॅक्टर ओढून घेता येतो. भाडं जास्त पडतं, पण इंजिन किंवा ब्रेक बंद असेल तर दुसरा विचारच करू नका. 2019 च्या पुरात बुडालेल्या ट्रॅक्टरसारखी गत असेल तर सेल्फ मारून इंजिन सुरू करूच नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. असा ट्रॅक्टर ओढूनच चढवायचा. ओढताना तारेच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका, तार तुटली तर ती चाबकासारखी येते.

चढवल्यावर गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, हायड्रॉलिकचे हात खाली सोडा. साखळ्या पुढच्या आणि मागच्या आसाला, चारी कोपऱ्यांत ताणून. स्टिअरिंगच्या रॉडला कधीच नाही. गाडी कोकणात जाणार असेल तर आंबा घाट उतरण्याआधी थांबून साखळ्या पुन्हा आवळायला सांगा.