चिंचिला बघायची की त्रिकावे पोपट? चिलीतल्या दोन रिझर्व्हचा रिव्ह्यू

सँटियागोत राहणाऱ्या किंवा कामासाठी येणाऱ्या आपल्या लोकांसाठी लिहितेय, कारण एकच सुट्टी हातात असली की कुठे जायचं हा प्रश्न पडतोच. उत्तरेला इयापेलजवळ लास चिंचियास रिझर्व्ह आणि दक्षिणेला रांकाग्वाकडे रिओ दे लोस सिप्रेसेस, एकीकडे चिंचिला म्हणजे मऊ दाट केसांचा, उंदीर-खारीच्या कुळातला छोटा प्राणी, दुसरीकडे त्रिकावे नावाचे रानपोपट.

चिंचिला दिवसा कपारीत झोपते त्यामुळे डोंगरात फिरून ती दिसेल ही आशा ठेवू नका. तिथे नॉक्टुरामा आहे, म्हणजे दिवसाही आत अंधार ठेवलेलं घर, काचेपलीकडे ती जागी असते, टुणटुण उड्या मारते आणि आंघोळ चक्क धुळीत लोळून करते. केस इतके दाट की एकाच छिद्रातून पन्नासाहून जास्त निघतात, आणि ह्या केसांपायीच बिचारीचा जीव गेला. एका कोटाला शंभराहून जास्त कातडी लागायची, लाखोंनी मारल्या, १९१० मध्ये चिली आणि शेजारच्या देशांनी मिळून शिकारबंदीचा करार केला पण तोवर फार उशीर झालेला. रिझर्व्ह झालं १९८३ मध्ये, आजही ती धोक्यातच आहे. काचेसमोर उभं राहून हे सगळं आठवलं की खरंच पोटात तुटतं. बाहेर कॅक्टसचे कोरडे डोंगर, ऊन कडक, पाणी भरपूर न्या.

त्रिकावेचं उलट. हे शोधावे लागत नाहीत, आधी कलकलाटच ऐकू येतो! मातकट हिरवी पाठ, पिवळं पोट त्यावर लाल डाग, आणि घरटं झाडावर नाही तर कड्यात चोचीने कोरलेल्या लांब बिळात. ऑक्टोबर ते डिसेंबर जा, सकाळी लवकर, दुर्बीण हवीच कारण कडे लांबून बघायचे असतात. पिल्लं पळवून विकल्यामुळे चिलीत हेही खूप कमी झाले होते.

लहान मुलं सोबत असतील तर सिप्रेसेस, तिथे नदी आहे, हिरवळ आहे, मुलं कंटाळत नाहीत. पण मला विचाराल तर आधी चिंचिलाच, कारण पोपट अर्जेंटिनातही हजारोंच्या वसाहतीत दिसतात, ही लांब शेपटीची जंगली चिंचिला मात्र चिलीबाहेर कुठेच नाही. इयापेलला एक रात्र मुक्काम करा, एका दिवसात जाऊन-येऊन दमछाक होते.