एचएसपी-९० च्या हातात ग्राही : प्रोटीन डेटा बँक वापरून पाहताना

पदवीच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत कॉर्टिसोल या संप्रेरकाच्या ग्राहीचे, म्हणजे ते संप्रेरक धरणाऱ्या प्रथिनाचे, चित्र ठरलेले असते. पेशीद्रवात थांबलेला ग्राही, त्याला चिकटलेले एचएसपी-९० हे हीट शॉक प्रथिन (इतर प्रथिनांची घडी सांभाळणारा मदतनीस), पेशीपटलातून आत शिरलेले संप्रेरक, आणि संप्रेरक जागेवर बसताच बाजूला गळून पडणारे एचएसपी-९०. या चित्रातला शेवटचा बाण कितपत खरा आहे, हे तपासायला आज प्रयोगशाळा लागत नाही की महागड्या नियतकालिकाची वर्गणी लागत नाही. प्रोटीन डेटा बँक हा प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांचा खुला संग्रह त्यासाठी पुरतो. या सेवेचे इतर शेकडो उपयोग बाजूला ठेवून, स्टेरॉइड संप्रेरकांचे ग्राही आणि हीट शॉक प्रथिने यांचा संबंध समजून घेण्यासाठी ती किती कामाची आहे, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. माझे मत आधीच सांगतो : पुरावा दाखवण्यात ही सेवा उत्कृष्ट आहे, मात्र त्या पुराव्याची संगती लावण्याचे काम ती जवळजवळ पूर्णपणे वाचकावर सोडते.

१९७१ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत अवघ्या सात रचनांवर सुरू झालेल्या या संग्रहात आता प्रयोगाने सिद्ध झालेल्या दोन लाखांहून अधिक रचना आहेत. अमेरिका, युरोप आणि जपान येथील संस्था मिळून तो चालवतात. मी येथे आरसीएसबी या अमेरिकी संस्थेच्या संकेतस्थळाविषयी लिहीत आहे. पैसे द्यावे लागत नाहीत, नावनोंदणी लागत नाही आणि माहितीच्या पुनर्वापरावर बंधन नाही. रचना फिरवून पाहण्यासाठी ‘मोलस्टार’ नावाचा दर्शक ब्राउझरमध्येच उघडतो, त्यामुळे काही उतरवून घ्यावे लागत नाही. प्रत्येक नोंदीला चार अक्षरांकांचा संकेत असतो, आणि खरे तर संकेत ठाऊक असणे हीच येथे शिरण्याची सोपी वाट आहे.

ज्या नोंदीसाठी ही सेवा उघडावी तिचा संकेत ७केआरजे (शोधताना अर्थातच रोमन अक्षरांत टाकावा). सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड अगार्ड यांच्या गटाने क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने (गोठवलेला नमुना इलेक्ट्रॉनांनी पाहणाऱ्या) मिळवलेली आणि २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेली ही रचना २.५६ अँगस्ट्रॉम विभेदनाची आहे (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग; आकडा जितका लहान तितके चित्र स्पष्ट). तीत एचएसपी-९० चे दोन रेणू एकमेकांना मिठी मारून पूर्ण मिटलेले दिसतात, एका बाजूला ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहीचा (म्हणजे कॉर्टिसोलच्याच ग्राहीचा) संप्रेरक धरणारा भाग असतो आणि त्याच बाजूला पी-२३ हे लहान साहाय्यक प्रथिन बसलेले असते. वरच्या पट्टीतून ग्राहीची साखळी निवडून तिच्या पहिल्या हेलिक्सच्या (मळसूत्री वळणाच्या) आधीचा तुकडा शोधावा. तो एचएसपी-९० च्या दोन भुजांमधल्या पोकळीतून दोरा ओवल्यासारखा आरपार गेलेला आहे, आणि ग्राहीचा उरलेला भाग मात्र बाहेर, व्यवस्थित घडी पडलेल्या अवस्थेत आहे. त्यानंतर संयुगांच्या यादीतून डेक्सामेथासोन निवडावे. कोविडच्या काळात घराघरांत पोहोचलेले हेच ते औषध, आणि ते येथे ग्राहीच्या पोटात नीट बसलेले आहे. म्हणजे संप्रेरकाच्या जागी औषध येऊन बसले, ग्राही कामाला सज्ज झाला, तरीही एचएसपी-९० त्याला धरूनच आहे. पुस्तकातला तो शेवटचा बाण येथे डळमळतो. पी-२३ चे शेपूटही पाहण्यासारखे आहे, कारण त्याच्या टोकाचा हेलिक्स थेट ग्राहीला टेकतो. एचएसपी-९० ची मिटलेली अवस्था टिकवणारा मदतनीस एवढीच ज्याची ओळख होती, ते प्रथिन ग्राहीलाही आधार देते असा त्याचा अर्थ होतो.

तुलनेसाठी २००६ मधली २सीजी९ ही नोंद दुसऱ्या खिडकीत उघडावी. ती यीस्टच्या एचएसपी-९० ची असून तीत ग्राही नाही, आणि पी-२३ च्या यीस्टमधल्या भावंडाचे दोन रेणू दोन्ही बाजूंना बसलेले आहेत. ग्राही आल्यावर मात्र एकच पी-२३ दिसते. हा फरक कोणत्याही लेखाच्या सारांशापेक्षा दोन चित्रे शेजारी ठेवल्यावर चटकन लक्षात येतो, आणि या सेवेचे बळ मला येथेच दिसते.

या अवस्थेच्या आधीची पायरी ७केडब्ल्यू७ या नोंदीत आहे. तीत एचएसपी-९० ची जोडी, एचएसपी-७० या दुसऱ्या हीट शॉक प्रथिनाचे दोन रेणू, त्यांना जोडणारे हॉप नावाचे प्रथिन आणि ग्राही अशी मोठी मांडणी आहे. एचएसपी-७० ग्राहीची घडी अंशतः उलगडून त्याला संप्रेरक धरण्यास असमर्थ करते आणि एचएसपी-९० ती क्षमता परत देते, हे याच गटाने २०१४ मध्ये शुद्ध प्रथिने वापरून दाखवले होते. या नोंदीत त्या हस्तांतरणाचा क्षण सापडतो. पण विभेदन ३.५७ अँगस्ट्रॉम आहे, आणि ज्याच्यासाठी ही नोंद उघडायची त्या ग्राहीचा अगदी थोडाच भाग तीत रेखलेला आहे. ग्राहीचा उरलेला गोळा इतका धूसर होता की त्यात अणू बसवता आले नाहीत. मुख्य पानावर प्रथिनांच्या यादीत ग्राहीचे नाव मात्र इतरांच्या बरोबरीने छापलेले असते, त्यामुळे नवख्या विद्यार्थ्याला पूर्ण ग्राही पाहत असल्याचा भास होऊ शकतो. उपाय एकच : क्रमाच्या पट्टीत कोणती अमिनो आम्ले प्रत्यक्ष रेखली आहेत आणि कोणती नाहीत, हे आधी पाहावे. पानावर दिलेला गुणवत्तेचा अहवालही वाचावा. नोंद किती भरवशाची आहे हे तिच्याच पानावर उघड सांगणारी अशी व्यवस्था विज्ञानातल्या फार थोड्या संग्रहांत असेल.

जुन्या नोंदी इतिहास म्हणून वाचता येतात, आणि हा भाग मला विशेष आवडतो. १९८५ च्या सुमारास स्टेरॉइड ग्राहींबरोबर सतत सापडणारे ९० किलोडाल्टन वजनाचे प्रथिन हे हीट शॉक प्रथिनच आहे असे निश्चित झाले. हे निश्चित करणे शक्य झाले त्यामागे सोडियम मॉलिब्डेटचाही हात होता, कारण या क्षारामुळे ग्राही आणि त्याचे सोबती एकत्र टिकून राहतात. गंमत अशी की ७केआरजेमधली जोडणी टिकवण्यासाठीही तोच क्षार वापरला गेला. १९९७ च्या १वायईटी या नोंदीत जेल्डानामायसिन हे स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंपासून मिळणारे संयुग एचएसपी-९० च्या खळग्यात बसलेले दिसते. तो खळगा मुळात एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूचा आहे, हे त्याच वर्षी दुसऱ्या गटाने यीस्टच्या प्रथिनावर सिद्ध केले. जेल्डानामायसिन दिल्यावर ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही संप्रेरक का धरू शकत नाही, याचे उत्तर या दोन शोधांच्या मध्ये आहे : एटीपी बसत नाही, एचएसपी-९० मिटत नाही, आणि ग्राहीची घडी अर्धवट राहते. २००२ मधल्या १एम२झेडमध्ये हाच ग्राही डेक्सामेथासोनसह, पण हीट शॉक प्रथिनांविना आहे. स्टेरॉइड चारही बाजूंनी इतके बंदिस्त आहे की ते आत शिरले कसे, असा प्रश्न पडतो, आणि एचएसपी-९० ची गरज तेथेच पटते. या नोंदीत ६०२ व्या जागचे फेनिलअ‍ॅलानिन बदलून सेरीन केलेले आहे, कारण मूळ प्रथिन हाताळायला फार अस्थिर होते. असे बदल पानावर नोंदलेले असतात. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता उणिवा. पहिली आणि मोठी उणीव अशी की येथे क्रम नाही. एचएसपी-७० नंतर हॉप, हॉपनंतर पी-२३, त्यानंतर एफकेबीपी गटातली साहाय्यक प्रथिने, अशी साखळी कोणत्याही पानावर मांडलेली नाही. प्रत्येक नोंद स्वतंत्र आहे आणि तिच्या आधी व नंतर काय घडते हे मूळ शोधनिबंधातूनच कळते. शोधयंत्रही या विषयाला फारसे धार्जिणे नाही. एचएसपी-९० असे शोधल्यास शेकडो नोंदी येतात, पण त्यांतील बहुसंख्य नोंदी त्या प्रथिनाच्या एका टोकाच्या आणि त्यात बसवलेल्या कर्करोगविरोधी संयुगांच्या असतात, आणि ग्राहीसह असलेल्या मोजक्या नोंदी त्या गर्दीत हरवतात. दुसरे म्हणजे ७७७ अमिनो आम्लांचा संपूर्ण ग्राही या नोंदींत नाही. संप्रेरक धरणारा भाग येथे, डीएनए धरणारा भाग दुसऱ्या नोंदींत, आणि सुरुवातीचा लांबलचक शिथिल भाग तर स्थिर आकारच घेत नाही. २०२२ पासून येथे अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने केलेली रचनांची संगणकीय भाकितेही शोधता येतात. त्यांत हा भाग रंगाने ‘विश्वास कमी’ असा दाखवलेला असतो. तो रंग गंभीरपणे घ्यावा, कारण पडद्यावर तेथे जे वेटोळे दिसते ते पेशीत तसे असेलच असे नाही.

सामान्य वाचकासाठी डेव्हिड गुडसेल यांनी सुरू केलेले ‘महिन्याचा रेणू’ हे सदर येथे २००० पासून आहे, आणि त्यांची रंगचित्रे खरोखर सुंदर आहेत. एचएसपी-९० वरचा त्यातला लेख मात्र २००८ चा आहे, म्हणजे ग्राहीसह रचना मिळण्याच्या बऱ्याच आधीचा. संकेतस्थळ इंग्रजीत आहे; जीवशास्त्राचा पाया असलेल्या मराठी विद्यार्थ्याला त्याची अडचण होऊ नये, परंतु बारावीच्या वर्गात शिक्षकाने सोबत बसूनच ते दाखवावे. ७केडब्ल्यू७सारखी मोठी रचना फोनवर फिरवण्याचा आग्रह धरू नये.

ज्यांना आणखी पुढे जायचे आहे त्यांनी २०२३ मध्ये त्याच गटाने प्रसिद्ध केलेल्या, साधारण तीन अँगस्ट्रॉम विभेदनाच्या दोन रचना शोधाव्यात : एकीत एफकेबीपी-५१ आणि दुसरीत एफकेबीपी-५२ हे प्रथिन ग्राही व एचएसपी-९० यांच्या जोडीला लागलेले आहे. एफकेबीपी-५१ हा पेशीतल्या कॉर्टिसोलच्या प्रभावाला लगाम घालणारा घटक मानला जातो, आणि त्याचे जनुक स्वतः ग्लुकोकॉर्टिकॉइडमुळेच चेतते. दक्षिण अमेरिकेतील खारमाकडांच्या पेशींत त्याचे प्रमाण जास्त असते आणि त्यांच्या रक्तात कॉर्टिसोल भरपूर असूनही त्याचा परिणाम बेताचाच होतो. असे असताना या रचनांत दोन्ही प्रथिने संप्रेरक धरलेल्या, सज्ज ग्राहीलाच थेट टेकलेली दिसतात. ७केआरजे एका खिडकीत आणि एफकेबीपी-५२ ची नोंद दुसऱ्या खिडकीत ठेवून पी-२३ चे शेपूट ग्राहीवर ज्या जागी टेकते ती जागा शोधावी. त्या जागेसाठी पी-२३ आणि एफकेबीपी-५२ एकमेकांशी चढाओढ करतात असे संशोधकांचे म्हणणे आहे, आणि ते पटते की नाही हे ठरवायला लागणारे सर्व अणू त्या दोन खिडक्यांत उपलब्ध आहेत.