इव्हेंट ऐकायला जुना लिसनर की नवा ऑब्झर्व्हेबल?

सर्व्हरकडून एकच उत्तर यायचे असेल तर निवड करायची गरजच नाही. असिंक-अवेट, म्हणजे उत्तर येईपर्यंत थांबून मग पुढची ओळ चालवणारी रचना, २०१७ पासून जावास्क्रिप्टच्या मानकात आहे, तेच लिहा आणि मोकळे व्हा. अडते ते क्लिक, टायपिंग अशा पुन्हा पुन्हा येणाऱ्या इव्हेंटपाशी, कारण अवेट ज्याची वाट पाहते ते प्रॉमिस (नंतर मिळणाऱ्या एका उत्तराची हमी) एकदा पूर्ण झाले की संपले. तिथे आजवर ॲडइव्हेंटलिसनर होता: इव्हेंट घडला की चालणारे फंक्शन, म्हणजे लिसनर, लावणारा. एप्रिल २०२५ मध्ये क्रोमच्या १३५ व्या आवृत्तीत ऑब्झर्व्हेबल, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या मूल्यांचा प्रवाह, आले आणि त्यासोबत इव्हेंटचा असा प्रवाह देणारी ‘व्हेन’ ही नवी मेथड.

समजा, एक चौकोन माउसने ओढायचा आहे. जुन्या पद्धतीत पॉइंटरडाउनच्या (बटण दाबल्याच्या) लिसनरमध्ये मूव्ह (माउस हलल्याचा) आणि अप (बटण सोडल्याचा) असे आणखी दोन लिसनर लावायचे आणि अप झाला की दोन्ही काढायचे. काढताना लावलेलेच फंक्शन दिले नाही, तर रिमूव्हइव्हेंटलिसनर काही न बोलता काहीच करत नाही, आणि बटण सोडले तरी चौकोन माउसच्या मागे फिरत राहतो. हा बग मी स्वतः दोनदा तरी लिहिला आहे. नव्या पद्धतीत डाउनच्या व्हेनवर फ्लॅटमॅप (प्रत्येक इव्हेंटमागे आत नवा प्रवाह सुरू करणारा), आत मूव्हचा व्हेन आणि त्याला टेकअंटिलने (अमुक घडेपर्यंतच ऐकणारा) अपची हद्द. अप होताच मूव्हचा लिसनर आपोआप सुटतो.

पण जुन्यावर अन्याय नको. ॲडइव्हेंटलिसनरलाही ॲबॉर्टसिग्नल, म्हणजे ‘आता थांब’ सांगणारा सिग्नल, देता येतो, आणि एका ॲबॉर्टमध्ये सगळे लिसनर जातात. निम्मे दुखणे तिथेच थांबते, तेही सगळ्या प्रमुख ब्राउझरांत. व्हेनचे तसे नाही. तो आहे का हे आधी तपासावे लागते.

शोधपेटीत स्विचमॅप छान बसतो: नवे अक्षर टाइप झाले की आधीच्या शोधाचा निकाल बाद. मात्र फक्त निकाल बाद होतो. आत साधा फेच (सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवणारे फंक्शन) असेल तर ती रिक्वेस्ट नेटवर्कवर चालूच राहते. ती तोडायला सिग्नल आपणच पोचवायचा. डिबाउन्सही (टाइप करणे थोडे थांबले की मगच शोध सुरू करणे) यात नाही, तो हाताने लिहा.

एक खोच मुद्दाम सांगतो. क्लिकच्या व्हेनवर फर्स्ट (पहिल्या इव्हेंटचे प्रॉमिस देणारा) लावून अवेट केले आणि पुढच्या ओळीत प्रिव्हेंटडिफॉल्ट (ब्राउझरची नेहमीची कृती रोखणारा) लिहिले, तर वापरकर्त्याच्या खऱ्या क्लिकला ते लागू पडते. टेस्टमधून स्क्रिप्टने क्लिक केले की लागू पडत नाही, कारण अवेटनंतरची ओळ चालेपर्यंत इव्हेंट संपलेला असतो. तेव्हा प्रिव्हेंटडिफॉल्ट लागणार असेल तिथे सबस्क्राइब (प्रवाहाला थेट आपले फंक्शन जोडणारा) वापरा किंवा जुना लिसनरच ठेवा.

साध्या बटणासाठी मी व्हेन वापरणार नाही. इव्हेंट एकमेकांवर अवलंबून असतील तिथे नक्की वापरेन. प्रकल्पात आरएक्सजेएस (ऑब्झर्व्हेबल देणारी आधीची लायब्ररी) आधीच असेल तर घाई नको: तिथे साधारणपणे प्रत्येक सबस्क्राइब नव्याने सुरू होतो, तर ब्राउझरच्या ऑब्झर्व्हेबलमध्ये चालू असलेला एकच स्रोत सगळे वाटून घेतात. नावे तीच दिसतात म्हणून नुसते इंपोर्ट बदलाल, तर स्रोत चालू असताना मागाहून जोडलेल्या दुसऱ्या सबस्क्रायबरला सुरुवातीची मूल्ये मिळणारच नाहीत.