भाव शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्याचे शिक्षण : सोलापुरातील एका कार्यशाळेविषयी

सोलापुरात गाण्याचे वर्ग आहेत आणि नाट्यशिबिरेही भरतात. मात्र गाताना चेहऱ्याचे काय करावे आणि बोलताना सुराचे काय करावे, हे एकत्र शिकवणारी जागा सहसा सापडत नाही. सात रस्ता परिसरात शनिवार-रविवारी चालणारी अभिनय-गायन कार्यशाळा ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

शिकवणाऱ्या बाईंचे मुख्य सूत्र असे की प्रेक्षक किती अंतरावर आहे, यावर भाव व्यक्त करण्याचे साधन ठरते. एकच वाक्य त्या आधी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर, चेहरा पडदाभर दिसेल इतक्या जवळून बोलायला लावतात आणि मग तेच वाक्य सभागृहाच्या टोकाला बसलेल्या माणसासाठी बोलायला लावतात. कॅमेऱ्यापुढे भुवई जरा अधिक उचलली तरी खोटेपणा लगेच दिसतो. दुसऱ्या वेळी तोच चेहरा निरुपयोगी ठरतो आणि सगळा भार श्वास, खांदे आणि शब्दांमधील विरामांवर येतो. चित्रपटात निम्मे काम संकलन करते, हे पटवण्यासाठी त्यांनी रशियन दिग्दर्शक लेव कुलेशॉव्ह यांच्या प्रयोगाचा दाखला दिला. नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सुपाच्या वाडग्याशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडला, तर पाहणाऱ्याला त्यात कधी भूक, कधी शोक दिसतो.

ऑपेराविषयीचे, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाट्याविषयीचे सत्र मला सर्वांत मोलाचे वाटले. ऑपेराच्या गायकाला परंपरेने मायक्रोफोन नसतो, तरीही त्याचा आवाज भरगच्च वाद्यवृंदावर ऐकू येतो. वाद्यवृंदाचा जोर साधारणपणे 500 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 500 कंपनांच्या आसपास सर्वाधिक असतो, तर कसलेला गायक, विशेषतः पुरुष गायक, 3000 हर्ट्झच्या परिसरात आपल्या आवाजाला बळ देतो आणि तेथे वाद्यांची गर्दी कमी असते. अशा गायकाला खरोखर हुंदका देऊन चालत नाही, कारण हुंदक्याने श्वास तुटतो आणि श्वास तुटला की आवाज पोहोचत नाही. त्यामुळे शोक व्यक्त करण्यासाठी तो एकच लांब स्वर हळूहळू वाढवतो आणि तितक्याच संयमाने उतरवतो. अशा गायनाचे ध्वनिमुद्रण ऐकवून लगेच ठुमरीतील बोलबनाव ऐकवला गेला. तेथे एकच ओळ निरनिराळ्या स्वरसंगतींनी कधी विनवणीची, कधी रुसव्याची होते. हा क्रम मोठ्या जाणतेपणाने योजलेला होता.

कलावंताने भाव स्वतः अनुभवलाच पाहिजे का, यावरची चर्चाही चांगली रंगली. 1911 मध्ये 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली आणि तरीही ते रंगमंचावर उभे राहिले, ही हकिकत मराठी रसिकांना ठाऊक आहे. नाट्यशास्त्रात अश्रू, कंप, स्वरभेद यांसारखे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत आणि ते मन एकाग्र असल्याशिवाय येत नाहीत, असे भरताचे म्हणणे आहे. बाईंचा कल या मताकडे आहे. माझ्या मते, गाणाऱ्या नटाने भावना तालमीत पूर्ण अनुभवावी आणि प्रयोगात तिच्यावर ताबा ठेवावा, कारण भरून आलेल्या गळ्याला षड्जसुद्धा नीट लागत नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. नाट्यसंगीताला फारच थोडा वेळ मिळाला. पदाच्या अर्थापेक्षा ताना वरचढ झाल्या की पात्र बाजूला राहते, हा प्रश्न आपल्या रंगभूमीला जवळचा असून त्यावर स्वतंत्र सत्र असायला हवे होते. ध्वनिमुद्रणे ऐकवण्यासाठी लहानसा ब्लूटूथ स्पीकर वापरला जातो. मंद्रातील बारकावे त्यावर हरवतात आणि विषयच आवाजाचा असल्यामुळे ही उणीव अधिक जाणवते. शिवाय आपल्या शहरात मराठीइतकीच सहज तेलुगू आणि कन्नड बोलली जाते, आमच्या तुकडीतही तशी मुले होती. त्यांना मातृभाषेतील एखादा उतारा दिला असता, तर आवाजातला अवघडलेपणा लवकर गेला असता.

शुल्क मात्र वाजवी आहे आणि तुकडी लहान असल्यामुळे प्रत्येकाकडे लक्ष दिले जाते. केवळ मालिकेत काम मिळवण्याच्या तयारीसाठी येणाऱ्यांना येथील स्वराभ्यास कदाचित कंटाळवाणा वाटेल. पण भावगीत किंवा नाट्यपद गाणाऱ्यांनी आणि एकांकिका स्पर्धांत उतरणाऱ्या महाविद्यालयीन मुलांनी येथे अवश्य प्रवेश घ्यावा, आणि येताना आपले एखादे पाठ असलेले पद किंवा स्वगत तयार ठेवावे, कारण पहिल्याच सत्रात ते सादर करायला सांगतात.