शेवटचा हप्ता देण्याआधी डोमेन कुणाच्या खात्यात आहे ते बघा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची वेबसाइट आणि त्याच डोमेनवरचे, म्हणजे साइटच्या नोंदवलेल्या नावावरचे, सगळे ईमेल एका सकाळी एकदम बंद पडले. वर्षभरापूर्वी शहरातल्याच एका वेब डेव्हलपरला त्यांनी २५ हजार रुपये दिले होते. डोमेन, होस्टिंग (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा), डिझाइन, एसएसएल (साइट सुरक्षित करणारं प्रमाणपत्र), सगळं त्यात धरून. दुसऱ्या वर्षी त्याने रिन्यूअलचे १८ हजार मागितले. मालकांनी हिशेब विचारला आणि साइट गेली. परदेशी गिऱ्हाइकांचे मेल परत जायला लागले तेव्हा कळलं, की डोमेन कारखान्याच्या नावावर कधी नव्हतंच.

आधी त्या १८ हजारांचं बघू. डॉट कॉम डोमेनचं वर्षाचं रिन्यूअल साधारण हजार-दीड हजारात होतं. 'लेट्स एन्क्रिप्ट' या सेवेचं एसएसएल फुकट मिळतं आणि बहुतेक होस्टिंगवर ते आपोआप नवं होतं. लहान साइटचं शेअर्ड होस्टिंग वर्षाला काही हजारांत बसतं. देखभालीचे पैसे डेव्हलपरने जरूर घ्यावेत, ते कष्टाचं काम आहे. पण फुकटच्या गोष्टीचे पैसे 'एसएसएल चार्जेस' म्हणून लावणं ही सरळ लबाडी आहे.

खरी मेख डोमेनच्या खात्यात असते. डोमेन ज्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे, घेतलं, तिथल्या खात्याचा ईमेल ज्याच्या ताब्यात, डोमेन त्याच्या हातात. बिल तुमच्या नावाचं आहे, पैसे तुम्ही यूपीआयने भरलेत, याने तिथलं कुलूप उघडत नाही. 'हू-इज' या डोमेनमालकांच्या नोंदीत शोधून खात्री होईल असंही नाही, कारण मालकाचा तपशील आता बहुतेक वेळा झाकलेला असतो. साधी परीक्षा अशी: रजिस्ट्रारच्या साइटवर 'फरगॉट पासवर्ड' दाबायचं. पासवर्ड बदलायचा मेल तुमच्या स्वतःच्या इनबॉक्समध्ये आला आणि आत गेल्यावर तुमचं डोमेन यादीत दिसलं, तर ठीक. आणि हा ईमेल त्याच डोमेनवरचा नको, साधा जीमेल ठेवा. डोमेन बंद पडलं की त्यावरचा मेलही बंद, मग पासवर्ड बदलायचा रस्ताच उरत नाही.

डोमेन दुसऱ्याच्या खात्यात असेल, तर संबंध चांगले आहेत तोवरच हलवून घ्या. त्याच रजिस्ट्रारकडे स्वतःचं खातं उघडलं, तर 'अकाउंट पुश' (एका खात्यातून दुसऱ्या खात्यात टाकणं) करून ते सहसा लगेच येतं. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं तर डोमेन अनलॉक करून ऑथ कोड (डोमेन हलवायचा गुप्त कोड) घ्यावा लागतो, आणि नोंदणी किंवा ट्रान्सफर झाल्यापासून ६० दिवस ते हलवता येत नाही. 'मुदत संपू दे, मग आपण घेऊ' हा सल्ला ऐकू नका. डॉट कॉमची मुदत संपल्यावर ४५ दिवसांपर्यंत रिन्यू करायची सवलत, मग ३० दिवस रिडेम्प्शन (जुन्या मालकाला जादा पैसे भरून सोडवता येतं), मग ५ दिवस पेंडिंग डिलीट (पुसलं जाण्याची वाट). त्यानंतर जो आधी पकडेल त्याचं. आणि डोमेन ज्याच्या खात्यात आहे त्याने मधेच रिन्यू केलं की पुन्हा वर्षभर थांबायचं.

बॅकअपच्या बाबतीतही असंच गंडवतात. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या टूल्समधून एक्स्पोर्ट केलेली एक्सएमएल फाइल पेनड्राइव्हवर देतात आणि 'पूर्ण साइट दिली' म्हणतात. त्या फाइलमध्ये फक्त मजकूर असतो. थीम नसते, सेटिंग नसतं, आणि फोटोंचे नुसते पत्ते असतात. चादरींचे, टॉवेलचे फोटो ज्या सर्व्हरवर होते तो बंद झाला की फोटोही गेले. पूर्ण बॅकअप म्हणजे डब्ल्यूपी-कंटेंट हा अख्खा फोल्डर आणि डेटाबेसची एसक्यूएल फाइल. डब्ल्यूपी-कंटेंटमधला अपलोड्स फोल्डर उघडून आपले फोटो डोळ्यांनी बघा, मगच पैसे द्या.

लॉगिन देताना 'एडिटर' (फक्त मजकूर बदलता येईल असं) देतात आणि गिऱ्हाइकाला तेच पुरेसं वाटतं. तुम्हाला सगळे हक्क असलेलं 'अॅडमिनिस्ट्रेटर' हवं. आत गेल्यावर यूजर्सच्या पानावर वर कंसात दिलेला आकडा आणि खालची नावं मोजा. वर ३ आणि खाली दोनच नावं असतील, तर कुणीतरी लपलेला अॅडमिन आहे. चोरीच्या, म्हणजे 'नल्ड' थीममधून हे सर्रास येतं. महागडी थीम फुकटात बसवून तिचे पैसे लावलेले असतात, अपडेट कधी येत नाही, आणि काही महिन्यांनी गुगलवर तुमच्या साइटच्या नावाखाली जपानी मजकुराची पानं दिसू लागतात.

शेंगा चटणी, कडक भाकरी ऑनलाइन विकणाऱ्यांनी आणखी एक करावं: स्वतःच एक लहानशी ऑर्डर टाकून ते पैसे कुठल्या बँक खात्यात जमा होतात ते बघावं. पेमेंट गेटवे डेव्हलपरच्या केवायसीवर उघडलेला असला, तर विक्री तुमची आणि पैसा आधी त्याच्या खात्यात.

डोमेन अडकलंच, तर रस्ते आहेत पण लांबचे. डोमेनच्या वादांची तक्रार करायची पद्धत डॉट कॉमसाठी यूडीआरपी, डॉट इनसाठी आयएनडीआरपी. दोन्हीकडे त्या नावावर तुमचा ट्रेडमार्कचा हक्क आणि समोरच्याचा वाईट हेतू दाखवावा लागतो. विपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे) एका पंचासमोरच्या यूडीआरपी तक्रारीचं शुल्कच १,५०० डॉलर आहे. डिझाइनचंही लेखी घ्या: कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या कामाचा हक्क सहसा करणाऱ्याकडेच राहतो, आणि तो तुमच्याकडे यायला सही असलेला कागद लागतो.

या कारखान्याने शेवटी नवं डोमेन घेतलं, जुना मजकूर इंटरनेट आर्काइव्हवरून, म्हणजे जुन्या वेबसाइटांच्या प्रती जपणाऱ्या साइटवरून, उतरवून घेतला. पण जुन्या डोमेनवर येणारा मेल आता तो डेव्हलपर वाचू शकतो, आणि त्याच पत्त्यावरून बँक खात्याचा नंबर बदललेलं बिलही पाठवू शकतो. म्हणून असं झालं की पहिल्याच दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करून सांगा, की आमचं बँक खातं बदललेलं नाही आणि जुन्या पत्त्यावरून आलेल्या बिलाचे पैसे भरू नका. त्याच दिवशी बँक, जीएसटी आणि कुरिअरच्या खात्यांतला जुना ईमेल काढून टाका, कारण ओटीपी अजून तिकडेच जातोय.