ब्रिटनमध्ये गाडी: भारतीय लायसन्सवर वर्ष काढायचं की लगेच प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स)?

ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून 12 महिने भारतीय लायसन्स चालतं. स्टिअरिंग उजवीकडे, गाडी डावीकडून. पुण्याहून आलेल्याला पहिल्या दिवशीही परकं वाटत नाही. खर्च शून्य. पण विमा बहुधा महाग पडतो आणि वर्ष संपताच एकट्याने गाडी चालवणं बंद. भारतीय लायसन्स बदलून मिळत नाही, म्हणजे परीक्षा चुकत नाहीच.

लगेच प्रोव्हिजनल काढलं तर पहिल्या वर्षातली मोकळीक तशीच राहते, वर ओळखपत्र हाती येतं. लेखी परीक्षेत 50 पैकी 43 प्रश्न बरोबर हवेत, शिवाय व्हिडिओत धोका ओळखायचा. ती पास झाली की दोन वर्षं चालते. खरी रखडपट्टी प्रत्यक्ष चाचणीच्या तारखेची, अनेक ठिकाणी महिनोन्‌महिने थांबावं लागतं. एक गंभीर चूक आणि नापास! आपल्याकडची मुरलेली मंडळी आरशात न बघण्यापायीच अडकतात.

वर्षभरात परतायचं असेल तर पहिला मार्ग पुरेसा. नाहीतर ब्रिटनमध्ये आल्या आल्या प्रोव्हिजनलसाठी अर्ज करावा. ऑटोमॅटिकवर चाचणी दिलीत, तर मॅन्युअल गाडी चालवता येणार नाही, एवढं आधी ठरवा.