स्प्रिंग ओरिगामी किट: ट्युलिप पास, साकुरा नापास

ठाण्यात नौपाड्यातल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून हे किट घेतलं, ३४९ रुपयांना. बॉक्सवर भलंमोठं लिहिलंय 'स्प्रिंग ओरिगामी, वय ४ पासून'. आत १५ सेंटीमीटरचे ६० चौकोनी कागद, घड्यांचं एक पुस्तक, डोळ्यांचे स्टिकर आणि गमची एक बारकी ट्यूब, जी वाळलेलीच निघाली. आमच्याकडे धाकटी पाच वर्षांची, मोठा आठचा, आणि शेजारच्या काकूंची नात संध्याकाळी आमच्याचकडे पडीक असते, त्यामुळे टेस्टिंगला माणसं भरपूर.

आधी चांगलं सांगते. कागद एक नंबर आहे. पातळ पण कडक, नखाने दाबलं की घडी बसते ती बसतेच, आणि मुख्य म्हणजे चौकोन खरोखर चौकोन आहे. तुम्ही म्हणाल यात काय एवढं, पण ज्यांनी जांभळी नाक्यावरून घोटीव कागद आणून घरी कात्रीने चौकोन कापलेत ना त्यांना विचारा, इकडे कोपऱ्याला कोपरा जुळवला की तिकडे दोन मिलीमीटर बाहेर, आणि ओरिगामीत तो फरक पुढच्या प्रत्येक घडीत वाढत जातो, शेवटी सशाचा एक कान लांब आणि एक आखूड. कुठलाही कागद घ्या, दुकानातच एक शीट तिरपी दुमडून बघायची, कडा जुळल्या तर घ्यायचा. घोटीव कागदाची दुसरी कटकट म्हणजे रंग. मार्चमधल्या आपल्याकडच्या घामट बोटांना लाल रंग लागतो आणि तो मग पांढऱ्या बाजूवर, फ्रॉकवर, सोफ्यावर. या कागदाचा रंग अजिबात सुटला नाही.

आता मॉडेल्स. ट्युलिप, ससा, लेडीबग, फुलपाखरू, बेडूक, कार्प मासा आणि साकुरा, म्हणजे जपानी चेरीचं फूल.

ट्युलिप बेस्ट. पाच वर्षांच्या मुलाला खरंच जमेल असं या किटमधलं पहिलं मॉडेल हेच. रंगीत बाजू खाली ठेवून चौकोनाचा त्रिकोण करायचा, टोक वर, मग खालचे दोन कोपरे तिरपे वर न्यायचे, असे की मधलं टोक दोघांच्या मधून डोकावत राहील, आणि बुडाचं टोक थोडं मागे दुमडायचं. संपलं. धाकटीने दोन्ही कोपरे अगदी मधोमध नेऊन चिकटवले तेव्हा फुलाचा पतंग झाला, मग तिला म्हटलं "कोपऱ्यांना जरा भांडू दे, लांब लांब ठेव", तर पुढचं फूल बरोबर आलं. हिरव्या कागदाचा देठ मात्र मोठ्यालाच करावा लागला, त्यात पतंगाची घडी (एका कोपऱ्याच्या दोन्ही कडा मधल्या रेघेवर आणायच्या) दोनदा घालायची असते आणि कागद जाड होत जातो, लहान बोटांत तेवढा जोर नसतो. देठाऐवजी आइस्क्रीमची काडी लावली तरी चालतं.

ससाही सोपा. त्रिकोण करा, लांब कडेची एक पट्टी दुमडा, दोन्ही टोकं मधून वर उभी करा की झाले कान, उलटा करून हनुवटी दुमडा. चेहरा स्केचपेनने काढायचा असतो आणि मुलांना खरी मजा तिथेच येते, काकूंच्या नातीने सशाला चष्मा आणि मिश्या दोन्ही काढल्या.

लेडीबगवर माझा राग आहे. फोटोत लाल पंखांच्या मधून छान काळं अंग दिसतं, म्हणजे फोटोतला कागद एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने काळा. बॉक्समधले सगळे कागद मात्र मागून पांढरे! त्यामुळे आपला लेडीबग पोटातून पांढराफटक. आम्ही काळ्या स्केचपेनने रंगवला, पण ३४९ रुपये घेताना दोन-चार दुरंगी कागद टाकायला काय हरकत होती?

बेडूक हिट आहे, मागून दाबला की टुणकन उडी मारतो. घरात टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शर्यती लागल्या. जुन्या व्हिजिटिंग कार्डाचा बेडूक तर कागदाच्या बेडकापेक्षा लांब उडतो, करून बघा. मोठ्याने विचारलं की बेडूक तर पावसाळ्यात येतात, स्प्रिंगमध्ये कसा काय, आणि प्रश्न बरोबरच आहे, आपल्याकडे बेडूक म्हणजे जूनचा पहिला पाऊस. पण जपानमध्ये हायकू लिहिणाऱ्यांकडे प्रत्येक ऋतूचे ठरलेले शब्द असतात आणि त्यात बेडूक वसंतातच येतो. कार्प मासाही तिथल्याच प्रथेतला, ५ मेच्या बालदिनाला तिथे घराबाहेर काठीवर कापडाचे मासे फडकवतात. ही एवढी भारी माहिती, पण पुस्तकात एक ओळ नाही! नुसता मासा दिलाय आणि बाण काढलेत.

पुस्तकाबद्दल बोलायचंच तर खुणा बरोबर आहेत, तुटक रेघ म्हणजे आत येणारी घडी, रेघ-टिंब म्हणजे मागे जाणारी. जपानचे ओरिगामी कलाकार अकिरा योशिझावा यांनी १९५० च्या दशकात ही चिन्हं रुळवली आणि आज जगात कुठलंही ओरिगामीचं पुस्तक उघडा, साधारण याच खुणा असतात, म्हणून जपानी वाचता आलं नाही तरी चालतं. पण इथे चित्रं नखाएवढी छापलीत. तुटक रेघ आणि रेघ-टिंब यातला फरक बघायला मला चष्मा लागला, चार वर्षांच्या पोराचं काय. फुलपाखराच्या चौथ्या चित्रावरून पाचव्यावर तर सरळ उडीच आहे, मधली एक घडी गायबच. तिथे मोठा अडला, मी अडले, शेवटी यूट्यूब लावलं.

आणि साकुरा. बॉक्सवरचं गुलाबी फूल बघूनच मी किट उचललं होतं आणि ते एकही मूल करू शकलं नाही. एका फुलाला पाच कागद लागतात, प्रत्येकाची एक पाकळी, प्रत्येकीला दोन्ही बाजूंनी कप्पे उघडून दाबायचे, मग गमने चिकटवून पाचही पाकळ्या वाळेपर्यंत धरून बसायचं. क्लिपा लावून मीच एक केलं, दिसतं सुंदर, शोकेसमध्ये आहे. पण हे दहा वर्षांच्या पुढचं काम आहे हो. दुकानदार तर म्हणाला होता, "मॅडम, केजीतलं पोर आरामात करेल." त्याला एकदा बसवायला पाहिजे.

किटमध्ये नसलेल्या गोष्टीच आमच्याकडे जास्त झाल्या. गुलाबी कागदाचा हंस करायचा, म्हणजे पतंगाची घडी, उलटा करून पुन्हा तीच, टोक वळवून मान आणि चोच, मधून दुमडलं की झाला. त्याला दोन काड्यांचे लांब पाय लावले की फ्लेमिंगो! ठाण्याच्या खाडीत उन्हाळा संपेपर्यंत ते असतातच, २०१५ पासून तिथे अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही नाव गेलंय, ऐरोलीच्या पुलावरून जाताना मुलं खिडकीला नाक लावून शोधत असतात. केशरी कागदाचे ट्युलिप उलटे, दाटीवाटीने एका वाळक्या फांदीला चिकटवले तर लांबून येऊरच्या पळसासारखे दिसतात, ही आयडिया मोठ्याची. आजोबांनी उरलेल्या कागदांच्या नांगरहोड्या केल्या, स्प्रिंगशी काही संबंध नाही पण कोणी तक्रार केली नाही.

करायला बसताना पंखा बंद करा किंवा कागदांवर पट्टी ठेवा. एकदा उडालेले कागद गोळा करण्यात पोरांचा सगळा मूड जातो. आणि पाच वर्षांच्या मुलाला सलग दोन मॉडेल्सच्या वर देऊ नका, तिसऱ्याला कागदाचा बोळाच होतो.

रेटिंग पाचपैकी तीन, त्यातले दोन कागदाचे आणि एक बेडकाचा. मूल सहाच्या आतलं असेल तर बॉक्स घेऊ नका, त्याच दुकानात काउंटरमागे याच मापाचे सुटे ओरिगामी पेपर मिळतात, १०० शीटचं पाकीट १८० ला, मागितल्याशिवाय दाखवत नाही तो. आठ-नऊचं मूल असेल आणि शेजारी बसायला तुमच्याकडे वेळ असेल तर बॉक्स चालेल, फक्त गम घरचा वापरा.